त्रेपन्न प्रश्न आणि एक ‘बरं हाय’

स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या बाईचं आयुष्य कसं चाललंय, हे मोजायला आमच्याकडे दोन कागद असतात. पहिल्यावर तीस प्रश्न, दुसऱ्यावर तेवीस. बहुतेक प्रश्नांची उत्तरं चारच : मुळीच नाही, थोडं, बरंच, फार. हिशेबाने हे पाव तासाचं काम. मावळातल्या घरात बसलं की त्यालाच दोन तास लागतात, आणि कागदावर उतरतो तो त्यातला पाव तासच. उरलेल्या वेळात जे घडतं ते ना अहवालात येतं, ना तक्त्यात. हे किस्से त्यातलेच.

मी समाजसेविका. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन पुण्या-मुंबईत होतं, पण बाई घरी परतते ती मळवलीला, कामशेतला, नाहीतर पवनानगरच्या पलीकडच्या एखाद्या वाडीला. पाठपुराव्याचे फॉर्म घेऊन तिच्यापर्यंत पोचायचं म्हणजे लोणावळा लोकल, पुढे वडाप आणि शेवटचा टप्पा आशाताईंच्या स्कूटीवर मागे बसून. बायकांची नावं अर्थातच देणार नाही, आणि कुणी ओळखू नये म्हणून गावांचीही थोडी उलटापालट केली आहे.

पेन्सिल बाईच्या हाती कधी आली

आधी हे मोजमाप डॉक्टरांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिड कार्नोफस्की यांनी एक मोजपट्टी तयार केली. शंभर म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मृत्यू, आणि मधल्या पायऱ्यांवर रुग्ण स्वतःचं स्वतः किती करू शकतो त्याची नोंद. आकडा डॉक्टरांनी लिहायचा. ‘तुम्हाला कसं वाटतंय’ हे रुग्णाला विचारायची त्यात सोयच नव्हती.

पेन्सिल रुग्णाच्या हाती देण्याच्या पहिल्या प्रयत्नांमधला एक स्तनाच्या कॅन्सरच्याच बायकांबरोबर झाला. १९७६ मध्ये प्रीस्टमन आणि मायकेल बॉम या ब्रिटिश डॉक्टरांनी आजार पुढे गेलेल्या बायकांपुढे छापील रेषा ठेवल्या. रेषेच्या एका टोकाला उत्तम, दुसऱ्या टोकाला वाईट. आज तुम्ही जिथे आहात तिथे खूण करा. खूण कुठे पडली ते पट्टीने मोजायचं, इतकी साधी रीत.

आमचे दोन कागद ‘ईओआरटीसी’ या कॅन्सर संशोधनाच्या युरोपीय संस्थेचे. तिची कचेरी ब्रसेल्सला. तिचा आधीचा मसुदा ३६ प्रश्नांचा होता. नील आरोन्सन आणि सहकाऱ्यांनी तो तीसवर आणला, तेरा देशांतल्या ३०५ रुग्णांवर तपासला आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. गंमत म्हणजे ते सगळे रुग्ण फुफ्फुसाच्या कॅन्सरचे होते. स्तनाच्या कॅन्सरसाठीचे खास तेवीस प्रश्न १९९६ मध्ये मिर्याम स्प्रँगर्स यांच्या गटाने आणले. त्यांची पारख नेदरलँड्स, स्पेन आणि अमेरिकेत झाली. भारतीय बायकांपुढे हे कागद कितपत खरे उतरतात ते मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या वाणी परमार, राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी तपासलं. तो निबंध २००५चा. त्याआधी, २००२ मध्ये, तिरुवनंतपुरमच्या मंडळींनी ‘फॅक्ट-बी’ या अमेरिकी प्रश्नावलीची मल्याळी आवृत्ती पारखून घेतली होती.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरोघरी विचारतात. त्याचं उत्तर २००२ सालात आहे. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर या दोघांनी आपापल्या रुग्णांचा वीस वर्षं पाठपुरावा करून त्या वर्षी दाखवून दिलं, की लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये अख्खा स्तन काढा किंवा नुसती गाठ काढून रेडिएशन द्या, बायका जगतात तेवढ्याच. वर्षं सारखीच मिळणार असतील, तर त्या वर्षांत बाईचं काय होतं यावरच निवड ठरणार. आणि ते तिच्याखेरीज कोण सांगणार?

‘सांगण्यावर काय भरवसा, यंत्राने मोजा’ म्हणणारेही भेटतात. लोणावळ्यात त्यांना मी कैवल्यधामाचं उदाहरण देते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था काढली, ती योग प्रयोगशाळेत तपासायचा म्हणून. उड्डियान आणि नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी दाबमापक लावून नोंदवलं आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापलं. मात्र आतड्यातला दाब यंत्र सांगतं. रात्री झोप लागली का, हे यंत्र सांगत नाही. म्हणून बंगळुरूच्या संशोधकांनी रेडिएशन घेणाऱ्या बायकांना योगाचा उपयोग होतो का हे तपासलं, तेव्हा त्यांनीही हाच तीस प्रश्नांचा कागद वापरला. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सूटकेस मुंबैवाल्यांची

पहिलाच प्रश्न अडतो. जड पिशवी किंवा सूटकेस उचलण्यासारखं कष्टाचं काम करताना तुम्हाला त्रास होतो का, असा त्याचा आशय. पवनेकाठच्या एका मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सूटकेस मुंबैवाल्यांची. ती त्यांचं डायवर उचलत्यात.”

अशा वेळी ‘हंडा’ म्हणायचा मोह कुणालाही होईल. पण नियम कडक आहे. शब्द बदलायचा नाही, उदाहरण द्यायचं नाही, प्रश्न जसाच्या तसा पुन्हा वाचायचा. कारण उघड आहे : मी हंडा म्हणाले, दुसरी मोळी म्हणाली, तिसरी सिलिंडर म्हणाली, तर तिघींचे आकडे एका रकान्यात बसवायचे कसे? त्यावर आम्ही फिरतीवरच्या मंडळींनी काढलेली युक्ती अशी की प्रश्न पुन्हा वाचायचा आणि गप्प बसायचं. घटकाभरात मावशी आपणहून म्हणाल्या, “म्हंजी हंडा, न्हायतर गवताचा भारा. व्हय ना?” मी मान हलवली. मान हलवायला नियमात बंदी नाही.

उत्तर आलं, “काई तरास न्हाई.” खूण एकवर, म्हणजे ‘मुळीच नाही’वर. निघताना पाहिलं तर सून दोन हंडे घेऊन पाणवठ्यावरून येत होती. मावशी सहज म्हणाल्या, “आप्रेशन झाल्यापास्नं म्या उचलतच न्हाई. डाक्टरांनीच सांगितलंय.” काम सुटलं म्हणून त्रासही सुटला, आणि कागदावर मात्र पैकीच्या पैकी गुण.

‘उचलू नका’ या सल्ल्याचीही एक गोष्ट आहे. काखेतल्या गाठी काढल्या की लसिकेची वाट तुटते आणि साधारण पाचांतल्या एकीचा हात पुढे सुजतो. म्हणून वर्षानुवर्षं बायकांना सांगितलं गेलं, या हाताने काही जड करायचं नाही. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी हा सल्लाच तपासायला घेतला. हात आधीच सुजलेल्या १४१ बायका त्यांनी निवडल्या. अर्ध्या जणींना दाबपट्टीच्या बाह्या घालून, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचलायला शिकवलं. वर्षअखेरीस सूज वाढलेली नव्हती, ताकद वाढली होती आणि हात एकदम भडकण्याचे प्रकार उलट कमी झाले होते. हा निष्कर्ष २००९चा. आमच्या वाड्यावस्त्यांपर्यंत तो अजून नीट पोचायचा आहे. मावशींच्या ‘एक’ या खुणेमागे एक न शिकवलेला व्यायाम दडलेला होता.

टोपण लागलं की मुलाखत सुरू

आमच्या धंद्यातलं सगळ्यात उघड गुपित म्हणजे ‘बरं हाय’. झोप? बरी हाय. भूक? बरी हाय. मन उदास होतं का? काई न्हाई, बरं हाय. पन्नास प्रश्नांना एकच उत्तर आणि समोर चहाचा कप.

हा खोटेपणा नव्हे. बाईला वाटतं, डॉक्टरांनी जीव वाचवला, आता कागदावर तक्रार लिहून घ्यायची म्हणजे त्यांच्या कामाला नावं ठेवणं. शिवाय आशाताई गावातल्याच, त्यांच्या पुढ्यात रडगाणं कसं गायचं? कामशेतकडच्या एका काकूंनी अशीच ‘मुळीच नाही’ची रांग लावली. मी आभार मानले, पेनाला टोपण लावलं, फॉर्म पिशवीत ठेवला. तोवर चहा आला. पहिल्या घोटालाच काकू म्हणाल्या, “रातच्याला तीन वाजता डोळा उघडतो बघा. मंग कौलं मोजत बसते.”

आता काय करायचं? पुस्तकी उत्तर असं, की मुलाखत संपली, उत्तर बदलायचं नाही. माझ्याबरोबरच्या अनुभवी ताईंनी मात्र शांतपणे टोपण काढलं आणि विचारलं, “काकू, हे लिहून घेऊ का?” काकू बिचकल्या. मग म्हणाल्या, “लिवा. डाक्टर रागावनार न्हाईत ना?” झोपेचा प्रश्न पुन्हा वाचला गेला आणि खूण एकवरून चारवर गेली. तेव्हापासून आमच्या टोळीत अलिखित नियम आहे : चहा आधी, फॉर्म नंतर. आणि पहिलं वाक्य डॉक्टरांबद्दलच बोलायचं, की कुठे दुखतंय हे कळावं म्हणून त्यांनीच विचारायला पाठवलंय.

उत्तर कुणाचं?

घरात शिरलं की बाई एकटी सापडत नाही. सासू दाराशी, मुलगा मोटारसायकलला टेकून, शेजारीण निवडायला भाजी घेऊन. पैशांची ओढाताण झाली का, हा तीसमधला एक प्रश्न. एका घरी बाई म्हणाली “थोडी.” बाहेरून मुलगा ओरडला, “थोडी काय? चार लिहा. दोन म्हशी गेल्या, बँकेचं राहिलंय.” बाई पदर सारखा करत म्हणाली, “ऑप्रेशनचं पैसं योजनेतनं झालं की रं.” मुलगा म्हणे, “आणि पुण्याचं भाडं? खोलीचं? तुझ्यासंगट ऱ्हायला माजा बुडालेला रोज?”

दोघंही खरंच बोलत होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचा मोठा खर्च बसतो. जाण्यायेण्यात आणि राहण्यात जे जातं ते कुटुंबाच्या वहीत राहतं. पण कागद बाईचा आहे, तेव्हा खूण तिच्याच उत्तराला. मुलाचं म्हणणं मी समासात लिहिलं. समासाला गुण नसतात, पण काही वेळा अख्ख्या पानाचं सार तिथेच असतं.

दुसऱ्या पानावर लैंगिक आयुष्याबद्दल तीन प्रश्न आहेत. ते इतर प्रश्नांसारखे गेल्या आठवड्याचे नसून गेल्या चार आठवड्यांचे. तिथे आलं की विचारणाऱ्याचा आवाज आपोआप बारीक होतो आणि सासूचे कान आपोआप मोठे. त्यावर उपाय म्हणजे पान तिच्याच हाती द्यायचं, प्रश्नाच्या क्रमांकाशी बोट ठेवायचं आणि आपण खिडकीबाहेर लोहगड बघायचा. वाचता न येणाऱ्या बाईसाठी मात्र सासूबाईंना काही निमित्ताने बाहेर काढावं लागतं. त्या कामात आशाताईंचा हात कुणी धरणार नाही. “आजी, तुमची बीपीची गोळी दाखवा बरं,” म्हणत त्या आजींना अंगणात घेऊन जातात आणि मोजून दहा मिनिटं तिथेच बसवून ठेवतात.

हे प्रश्न बरेचदा कोरे राहतात. ते चालतं. प्रत्येक गटातल्या किमान अर्ध्या प्रश्नांची उत्तरं असली की त्या गटाचे गुण काढता येतात. नसली तर रकाना रिकामा सोडायचा, अंदाजाने भरायचा नाही. लाजतो कोण, हा खरा प्रश्न. नव्याने रुजू झालेल्या मुली ‘आजींना कशाला विचारायचं’ म्हणून ते पान उलटून टाकतात. एका घरी साठीच्या बाईंनी अशा मुलीला थांबवलं. “पान का उलटलं?” मुलीने चाचरत प्रश्न वाचला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “पाच वर्सं झाली बाय, ह्ये इचारायला कुनी आलं न्हवतं. माजं मालक घाबरत्यात. मला दुखंल म्हनून बाजूलाच झोपत्यात. त्यास्नी कुनीतरी सांगा की काई हुत न्हाई म्हनून.” हा निरोप पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी नवऱ्याला खरंच दिला.

कपाळापुरता आरसा

स्वतःला उघड्या अंगाने पाहणं जड गेलं का, असा एक प्रश्न तेवीसच्या कागदावर आहे. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे न्हाणीघर असावं, आतून कडी असावी आणि भिंतीवर आरसा असावा. भाजेच्या अंगाला एका घरी मी हा प्रश्न वाचला तेव्हा बाईने देवळीतला आरसा काढून दाखवला. तळहाताएवढा. “ह्यात कपाळ दिसतं. कुकू लावायपुरता हाय. अंग कुठं दिसतंय?”

मग खूण कुठे करायची? ‘मुळीच नाही’ म्हणावं तर अर्थ होतो, की तिला काही वाटलं नाही. मी गप्प राहिले. तीच म्हणाली, “आंगुळ करताना हात लागतो ना. साबन लावताना त्या बाजूला हातच जात न्हाई. लेकीला सांगते पाठ चोळ, तर ती म्हनती आई तूच चोळ, ती बी भ्याली.” आणि मग स्वतःच ठरवलं, “बरंच लिवा.”

शरीराच्या प्रतिमेबद्दलचे असे चार प्रश्न. चारही उत्तरांची सरासरी काढून शंभराच्या मापात बसवतात. इथे शंभर म्हणजे उत्तम. लक्षणांच्या प्रश्नांचं मात्र उलटं : शंभर म्हणजे सगळ्यात जास्त त्रास. एकाच कागदावर वर जाणारा आकडा कधी चांगला, कधी वाईट. तक्ता वाचणारे नवखे डॉक्टर इथे हमखास अडखळतात.

लावणीचा आठवडा

“गेल्या आठवड्यात थकवा जाणवला का?” हा प्रश्न जुलैत मावळात विचारून बघा. चिखलात दिवसभर वाकून इंद्रायणीची रोपं लावून आलेल्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुण्याहून नव्हे, परग्रहावरून आले असावे. “या हप्त्यात थकली न्हाई अशी बाई मला दावा,” ती म्हणाली.

हा विनोद तिथेच संपत नाही, तो आकड्यांत जातो. थकव्याचे प्रश्न तीन : विश्रांती घ्यावीशी वाटली का, अशक्तपणा वाटला का, दमायला झालं का. मे महिन्यात तिन्हींना ‘मुळीच नाही’ म्हणणारी बाई जुलैत तिन्हींना ‘थोडं’ म्हणाली, तर तिचे गुण शून्यावरून थेट तेहतीसवर जातात. कॅनडाच्या डेव्हिड ओसोबा यांनी १९९८ मध्ये रुग्णांनाच विचारून ठरवलं, की पाच ते दहा गुणांचा फरक म्हणजे किंचित बदल, दहा ते वीस म्हणजे मध्यम आणि वीसच्या पुढे मोठा बदल. त्या हिशेबाने मावळातल्या अर्ध्या बायका दर आषाढात ‘मोठ्या प्रमाणात बिघडतात’ आणि गणपतीपर्यंत सुधारतात.

शहरातल्या कचेरीत संगणकापुढे बसलेला तरुण दर पावसाळ्यात फोन करतो, “ताई, या महिन्यात थकवा एकदम का वाढलाय? औषध बदललं का?” आता आम्ही तारखेशेजारी एक शब्द लिहितो : ‘लावणी’. असाच ‘काढणी’, ‘लग्न’, ‘यात्रा’. एकवीरेच्या चैत्री यात्रेच्या आठवड्यात कार्ल्याच्या डोंगराच्या पायऱ्या चढून आलेल्या बाईला ‘लांब चालताना त्रास होतो का’ विचारलं तर ती पाय दाखवते आणि तोंडाने ‘मुळीच नाही’ म्हणते. देवीपुढे त्रास झाला असं म्हणायचं नसतं.

कागदात गुडघा नाही

तळेगावजवळच्या एका निवृत्त शिक्षिकेने दोन्ही कागद स्वतःच भरले. खुणा नेटक्या, एकही कोरा नाही. मग चष्मा काढून म्हणाल्या, “तुमचे त्रेपन्न प्रश्न झाले. आता माझा एक. माझे गुडघे आणि बोटं सकाळी लाकडासारखी होतात. दुधाच्या पिशवीचं टोक कापता येत नाही. ते कुठे लिहू?”

कुठेच नाही, हेच उत्तर होतं. तेवीसच्या कागदात केस आहेत, डोळे आहेत, हात आणि खांदा आहे, पण सांधे नाहीत. १९९६ मध्ये तो तयार झाला तेव्हा लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या नुकत्या येऊ घातल्या होत्या. पुढे पाळी गेलेल्या बायकांना त्या पाच-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त, दिल्या जाऊ लागल्या आणि सांधेदुखी हा त्यांचा नेहमीचा त्रास ठरला. त्याला कंटाळून कितीतरी जणी गोळी मधेच सोडतात, आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. २०२० मध्ये तेवीसचा कागद वाढवून पंचेचाळीस प्रश्नांचा झाला. त्यात सांधे आले. बायका बोलल्या म्हणूनच कागद वाढला. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे पेपर काढणाऱ्यालाही कुणीतरी तपासलं तर!”

रुपयात बारा आणे

तीसच्या कागदाचे शेवटचे दोन प्रश्न वेगळे. एकंदर तब्येत कशी आणि एकंदर जगणं कसं, त्याला एक ते सात गुण द्यायचे. अठ्ठावीस प्रश्नांत चारची सवय लागलेली असते, त्यात अचानक सात. बायका गोंधळतात. शिळींबच्या वाटेवरच्या एका आजींनी मात्र गोंधळ न होऊ देता उत्तर दिलं, “रुपयात बारा आणं.”

एवढं चोख उत्तर मला पदवीधरांकडून मिळालेलं नाही. शेतातलं पीक आणेवारीने मोजायची रीत आजींच्या हाडात होती. सोळा आण्यांचं पीक म्हणजे भरपूर. पण कागदाला आणे चालत नाहीत. एक म्हणजे शून्य आणि सात म्हणजे पूर्ण धरलं तर बारा आणे बसतात साडेपाचवर, आणि अर्धा गुण देता येत नाही. “आजी, पाच की सहा?” आजी म्हणाल्या, “या साली नातू चालाया लागला. सा लिवा.”

आजींचा डावा हात मनगटापासून सुजलेला होता. त्याच वाटेवरच्या दुसऱ्या एका बाईचा हात व्यवस्थित होता, केस परत आले होते, आणि तिने चार दिले. आकडा खोटा कुणाचाच नव्हता. आजारातून जाताना माणसाची मापायची काठीच बदलते. याचा पद्धतशीर विचार कॅरोलिन श्वार्ट्झ यांच्याबरोबर १९९९ मध्ये मांडला तो त्याच मिर्याम स्प्रँगर्स यांनी, ज्यांनी तेवीस प्रश्न आणले होते. काठी करणारीनेच काठी बदलते हे सांगितलं, म्हणून मला त्या बाईंबद्दल आदर वाटतो. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की आजींच्या सहावर समाधान मानून त्यांच्या हाताकडे दुर्लक्ष करायचं नाही.

विचारलं की देणं लागतो

या कामात नवीन येणाऱ्या मुलींना मी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगते. झोप लागते का असं विचारलंत आणि ‘फार त्रास’ ऐकलंत, की तुम्ही त्या बाईचं काहीतरी देणं लागता. ते फेडायची सोय नसेल तर प्रश्न विचारू नये. भरलेला फॉर्म पिशवीतून फायलीत आणि फायलीतून आलेखात गेला, तर विचारणाऱ्याचं काम झालं, बाईचं नाही.

देणं फेडलं की काय होतं, याचाही हिशेब झालेला आहे. न्यूयॉर्कला ईथन बॅश यांनी कॅन्सर पसरलेल्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने आपला त्रास संगणकावर नियमित कळवायचा. त्रास वाढला की नर्सला लगेच सूचना जायची. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी तपासणी. २०१७ मध्ये निकाल छापून आला : नेहमीच्या गटाचं मध्यक आयुष्य २६ महिने, कळवणाऱ्यांचं ३१.२. यात नवीन औषध कुठलंच नव्हतं. विचारलं गेलं, आणि उत्तर त्याच वेळी कुणीतरी वाचलं, एवढंच.

आमच्याकडे संगणकही नव्हता आणि नर्सही नव्हती. मग पेनाचं टोपण काढणाऱ्या त्या अनुभवी ताईंनी एक पांढरी चिठ्ठी काढली. फॉर्मला टाचणी लावून ती जोडायची. तिच्यावर चारच ओळी : चारवर खूण कुठल्या प्रश्नाला, आज काय केलं, कुणाकडे पाठवलं, आणि वाचणाऱ्याची सही तारखेसह. हात सुजला असेल तर फिजिओथेरपिस्टची वेळ घरातूनच फोन लावून घ्यायची. गोळी सोडली असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. झोप नसेल तर समुपदेशकाचा नंबर बाईच्या मोबाइलमध्ये, तिच्यासमोर, तिला ओळखता येईल अशा नावाने साठवायचा. चिठ्ठीला संशोधनात काही किंमत नाही; तक्त्यात तिचा रकाना नाही.

भारतात २०२२ या एका वर्षात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. त्यातल्या पुष्कळ जणी उपचारांतून पार पडून पुढे कितीतरी वर्षं जगतील, आणि मावळासारख्या तालुक्यांत हंडा, लावणी, सासू, नातू यांच्यात परत जातील. त्यांना विचारायचे प्रश्न जगाने पन्नास वर्षं खपून तयार करून ठेवलेत. मराठीतही ते आहेत. तुमच्या घरातली बाई असा फॉर्म भरत असेल तर एक करा : बाजूला बसा पण उत्तर देऊ नका, आणि फॉर्म नेणाऱ्या माणसाला जाण्याआधी विचारा, ‘हा वाचणार कोण, आणि कधी?’ नाव आणि तारीख मिळाल्याशिवाय त्याला चहा देऊ नका. आम्ही चहासाठी काहीही कबूल करतो.